दर रंध्यामागे बोटभर

लाकडावर माझ्या साडूंइतकं प्रेम करणारा आणि लाकडाला त्यांच्याइतकं छळणारा दुसरा माणूस अख्ख्या लखनौत सापडणार नाही. हे मी पूर्ण विचार करून लिहितोय, कारण वेडी माणसं मी कमी पाहिलेली नाहीत. आमच्या गोमती नगरातल्या इमारतीतच एक गृहस्थ बंद पडलेले रेडिओ जमवतात आणि दुसरे रोज सकाळी पोपटाला इंग्रजी शिकवतात. पण ही मंडळी आपापल्या घरात वेडी आहेत. साडूंचं वेड मात्र पायाला भिंगरी बांधून शहरभर फिरतं, आणि माझी बायको त्यांच्या बायकोची धाकटी बहीण असल्यामुळे त्यातला बराचसा रस्ता मलाही त्यांच्या स्कूटरवर मागे बसून करावा लागलेला आहे.

हे वेड आहे जुन्या हत्यारांचं. तेही साध्यासुध्या नव्हे. साधा रंधा लाकूड सपाट करतो, हे कुणालाही ठाऊक असतं. पण पूर्वीच्या दारांच्या चौकटींना, आरशांच्या कडांना, पलंगाच्या पट्ट्यांना जी गोलाई असायची, खाच असायची, एखादी लाट वर चढून पुन्हा खाली उतरायची, ती पाडायला नक्षीचे वेगळे रंधे असत. एका रंध्याची एकच नक्षी. त्याच्या पात्याचा जो आकार तोच लाकडावर उमटणार, दुसरा नाही. आता ही कामं यंत्रावर होतात आणि ते रंधे भंगारात जातात. भंगारात गेले की तिथं साडू पोचलेले असतात. मूळचे साताऱ्याचे, रेल्वेतले इंजिनियर, सारी नोकरी लोखंडात गेली. पण घरी आले की बूट काढायच्या आधी बाल्कनीत जाऊन लाकडाला हात लावायचे. निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका.

स्वस्थ बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. चहा ते उभ्यानं घेतात, पेपर चालता चालता वाचतात, आणि फोनवर बोलताना घराला इतक्या फेऱ्या घालतात की पलीकडच्या माणसाला त्यांचा आवाज कधी स्वयंपाकघरातून तर कधी गच्चीवरून ऐकू येतो. कुणाच्या घरी गेले की यजमानांना नमस्कार राहतो बाजूला, आधी अंगठा जातो टेबलाच्या कडेखाली. कड सपाट निघाली की त्यांचा चेहरा असा होतो, जसा एखाद्याच्या आमटीत मीठ नसल्यावर होतो. बँकेत मॅनेजरच्या टेबलाखाली हात घालून ते पुढे सरकत गेले तेव्हा शिपाई धावत आला होता. छावणीत एका मराठी कर्नलसाहेबांचे वडील वारले, आम्ही सगळे भेटायला गेलो. जुना बंगला, जुन्या चौकटी. आम्ही आत जाऊन बसलो आणि साडू दिसेनात. पाहतो तर दारापाशी गुडघे टेकून, चौकटीच्या बुडाशी कपाळ नेऊन, हात फिरवत बसलेले. कर्नलसाहेबांना वाटलं, दुःखाचा आवेग. त्यांनी खांद्याला धरून उठवलं, पाणी दिलं. साडूंचे डोळे खरोखरच भरून आले होते, कारण तशी नक्षी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. स्कूटर सुरू करताना ते एवढंच म्हणाले, "साडूभाऊ, तीन गोलाया आहेत हो एका पट्टीत." गेलेल्या माणसाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

ह्या रंध्यांची काम करायची एक रीत आहे आणि ती साडूंच्या अंगात भिनली आहे. नक्षी पाडताना लाकडाच्या जवळच्या टोकापासून सुरुवात करायची नसते. लांबच्या टोकाला जायचं, तिथं छोटा घास घ्यायचा, मग एक पाऊल मागं, पुन्हा घास, असं मागं मागं येत शेवटी सगळी लांबी एका दमात मारायची. म्हणजे शेवटापासून आरंभ. साडू सगळंच असं करतात. पेपर शेवटच्या पानापासून, लग्नातलं जेवण गोडापासून, आणि कुणाकडे गेले की पहिलं वाक्य "चला, निघतो आता." निघतात मात्र दोन तासांनी, आणि मधल्या काळात तुमच्या घरातली एखादी फळी पिशवीत गेलेली असते.

त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, आम्ही दोघंही ताई म्हणतो. ह्या बाईंनी काय काय सोसलं ते त्यांचं त्यांनाच माहीत. एकदा एक बारीक गोलची सापडली, म्हणजे नळीसारख्या पात्याची पटाशी, तर साडूंनी तिनं पोळपाटाच्या कडेनं वेलबुट्टी काढली. दिसायला देखणी. पण पोळी लाटून उचलली की तिच्या कडेला पानंफुलं. ताईंनी तेही चालवून घेतलं. मग त्यांनी लाटण्याला कड्या पाडल्या आणि पोळ्यांवर पट्टे आले. त्यांच्या दूधवाल्या भैयानं एकदा ती पोळी पाहून विचारलं की ये महाराष्ट्र की कोई खास चीज़ है क्या, तर ताईंनी मान हलवून हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? त्या आठवड्यात त्यांनी बाजारातून स्टीलचं लाटणं आणलं आणि ते आजतागायत उशीखाली नसलं तरी कुलपात असतं.

दर रविवारी सकाळी साडू मला न्यायला यायचे. नोकरदार माणसाला रविवारी झोपायचा हक्क असतो ही गोष्ट त्यांना कधी पटली नाही. जुन्या शहरात फुटपाथवर रविवारचा बाजार भरतो, तिथं चादरीवर कुलपं, कपबश्या, पंख्याची पाती असं काहीबाही पसरलेलं असतं. साडू त्या पसाऱ्यात वाकत, पुढे जात, परत मागे येत, मला हरवत, मीच हरवलो म्हणून मला रागावत. रंधा सापडला की आधी नाकाशी न्यायचे, मग उलटा करून एक डोळा मिटून त्याच्या बुडाकडे बघायचे. एकदा एक म्हातारा विक्रेता त्यांना समजावत होता की बाबूजी, ये अब कोई नहीं चलाता. साडू म्हणाले, "इसीलिए तो." म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. आम्हा दोघांत त्या क्षणी बरीच सहानुभूती होती.

आता टेबलाकडे येतो, कारण साडूंची खरी कहाणी म्हणजे ते टेबल.

अलीगंजातल्या घरात राहायला आले तेव्हा ताईंनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती : जेवायला मोठं टेबल. घरात सासूबाई होत्या, सुट्टीत नणंदा यायच्या, लेक मुक्ता शाळेतून दोन मैत्रिणी घेऊनच घरी यायची, आणि रविवारी आम्ही होतोच. साडूंनी शिसवीच्या जाड फळ्या जोडून आठ माणसांचं टेबल केलं आणि कडेला सुरेख अर्धगोल पाडला. त्या दिवशी ताईंनी श्रीखंड केलं होतं. टेबलावर हात फिरवत त्या सगळ्यांना बसवत होत्या आणि साडू उभ्यानं जेवत प्रत्येकाच्या मागून फिरत, वेगवेगळ्या बाजूंनी टेबल बघत होते.

पुढे दुसरा रंधा सापडला. त्याची नक्षी पहिल्यापेक्षा सरस. ती टेबलालाच शोभणार, ह्यात साडूंना शंका नव्हती. पण एका कडेवर दोन नक्ष्या बसत नाहीत. नवी पाडायची तर जुनी तासून टाकायची, कड पुन्हा सपाट करायची आणि मग नवीन. म्हणजे टेबल चारही बाजूंनी बोटभर आत आलं. बोटभरानं काय होतं, असं ते म्हणाले. मग तिसरा रंधा आला. मग चौथा. दर रंध्यामागे बोटभर. काही वर्षांनी टेबलाचे पाय फळीच्या बाहेर डोकवायला लागले आणि पाहुण्यांचे गुडघे फुटायला लागले, तेव्हा साडूंनी खालचा सांगाडाच कापून लहान केला. आठ खुर्च्यांच्या सहा झाल्या, सहांच्या चार. सुटलेली प्रत्येक खुर्ची गच्चीवर गेली. नक्षी मात्र दर वेळी आधीपेक्षा सुंदर व्हायची, हे कबूल केलं पाहिजे. शेवटची तर अशी होती की बोट ठेवलं की आपोआप पुढे घसरत जायचं. छावणीतल्या त्या चौकटीतल्या तीन गोलाया! त्या पाडणारा रंधा मिळवायला त्यांनी कानपूर, फैजाबाद, बरेली पालथं घातलं होतं. तो रंधा मिळाला आणि त्यानंतर टेबलावर दोनच ताटं मावायला लागली.

ताईंचं ह्यावर वेगळं मत होतं. एकदा भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या की रंधा मिळाला म्हणून तासतात हे खोटं आहे. सासूबाई गेल्या तेव्हा तासलं. मुक्ताचं लग्न होऊन ती पुण्याला गेली, त्याच आठवड्यात पुन्हा तासलं. रंधा त्याआधी महिनाभर घरात पडून होता. "रिकामी खुर्ची दिसली की त्यांना घरात थांबवत नाही," त्या म्हणाल्या. "मग खुर्चीची जागाच काढून टाकतात." मी साडूंना हे विचारलं. ते म्हणाले, पात्याला धार लावायची राहिली होती. आणि लगेच उठून गच्चीवर गेले.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडी मुक्ता आली. "थोड़े दिन के लिए आई हूँ," असं तिनं सांगितलं. ती घरात लहानपणापासून हिंदीतच उत्तर देते. मराठी सगळं कळतं. पण थोड्या दिवसांसाठी आलेल्या मुलीच्या सामानात उन्हाळ्याचे कपडे नसतात, कॉलेजच्या सर्टिफिकेटांची फाइल नसते. ताईंनी ते पाहिलं, माझ्या बायकोनं पाहिलं, सगळ्यांना कळलं आणि कुणी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, ह्यावर आमच्या घरी रोज वाद व्हायचा. माझं मत मी बदलत राहायचो.

जेवायची वेळ झाली की पंचाईत. टेबल दोघांचं. मुक्ता ताट घेऊन हॉलमधल्या दिवाणावर जाऊन बसायची, मांडीवर ताट आणि समोर मोबाइल. ताईंनी तिला जागा व्हावी म्हणून स्वतःचं ताट ओट्यावर नेलं, तरी ती टेबलाशी आली नाही. म्हणाली, मैं यहीं ठीक हूँ. म्हणजे एवढ्या देखण्या टेबलाशी साडू एकटे. दोन घास खाऊन उठायचे, बाल्कनीत जायचे, परत यायचे, तिसरा घास. मी एकदा त्या वेळी गेलो होतो. त्या घरात तिघं तीन ठिकाणी जेवत होती आणि कुणाचंच जेवण धड होत नव्हतं. मला तिथं फार अवघडल्यासारखं झालं.

मग एका शनिवारी, आम्ही दोघं तिथं असताना, मुक्तानं मला विचारलं, "काका, आपके उधर कोई अच्छा पीजी होगा? एक छोटा कमरा भी चलेगा." तिला गोमती नगरात नोकरी बघायची होती. पण नोकरी मिळायच्या आधीच खोली कशाला, हे तिनं सांगितलं नाही. पुढे म्हणाली ते हळू होतं, जणू नुसती माहिती द्यायची होती, "यहाँ सब सेट है ना. मेरी वजह से सब डिस्टर्ब हो रहे हैं." ताईंच्या हातातला चमचा थांबला. मी काहीतरी बोललो, बघतो, चौकशी करतो, असलं सरकारी. साडू उभेच होते. ते टेबलापाशी आले, कडेवरून एकदा बोट फिरवलं, आणि चपला घालून बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. रविवार होता, मला वाटलं बाजार, आणि मी खरोखर चिडलो. पोरगी घर सोडायच्या गोष्टी करतेय आणि ह्या माणसाला रंधे सुचतात, असं मी बायकोला म्हणालोही. गेलो तेव्हा साडू बाल्कनीत होते. दोन लाकडी घोड्यांवर त्यांची कामाची फळी असे, आंब्याची, हातभर रुंद, चांगली जाड. तिच्यावर त्यांनी आजवरचं सगळं काम केलं होतं. पटाशीचे घाव, करवतीचे चरे, रंगाचे डाग, आणि काम अडकवायच्या खुंटीसाठी पाडलेलं एक आरपार भोक. त्या फळीवरची सगळी हत्यारं खाली जमिनीवर मांडलेली होती. मला म्हणाले, "पकडा त्या बाजूनं."

मला आधी कळेना. फळी जेवणघरात आणून टेबलाशेजारी ठेवली तेव्हा कळलं. मी म्हणालो, अहो, आपण चांगली शिसवीची फळी आणू, उद्या दुकानं उघडली की जाऊ. ते म्हणाले, उद्या मुक्ता खोली बघायला जाणार आहे. एवढं बोलून त्यांनी टेबलाची एक लांब बाजू साधा रंधा घेऊन तासायला घेतली. म्हणजे त्या तीन गोलाया. ज्यांच्यासाठी तीन शहरं पालथी घातली त्या. मी डोळे दुसरीकडे वळवले. छिलके भराभर पडत होते, प्रत्येक छिलक्याच्या कडेला नक्षीचा तुकडा होता. ते थांबले नाहीत, चहा आला तो तसाच निवला. खाच पाडली, सरस गरम केला, फळी बसवली, दोऱ्या आणि शिकंजे आवळले. एवढं झाल्यावर त्यांना उमगलं की सरस वाळायला दुसरा दिवस उजाडेल. मग दिवसभर टेबलाभोवती फेऱ्या. दर थोड्या वेळानं जोडावर बोट. ताई म्हणाल्या, हात लावू नका, तर म्हणाले, लावत नाही, बघतोय. मुक्ता दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. तिनं एकदाही विचारलं नाही की हे काय चाललंय.

सोमवारी मी ऑफिसातून परस्पर तिकडेच गेलो. माझी बायको आधीच पोचली होती. टेबल बघण्यासारखं झालं होतं, म्हणजे वाईट अर्थानं. अर्धं काळं चकचकीत शिसव, अर्धा पिवळट, जखमी आंबा. जोड मात्र असा की नखसुद्धा जाऊ नये. गच्चीवरच्या खुर्च्या धुवून खाली आणल्या होत्या, त्यांना अजून ओलसर वास येत होता. ताईंनी पाच ताटं घेतली. साडूंनी मुक्ताकडे न बघता एक खुर्ची आंब्याच्या बाजूनं ओढून ठेवली. ती आली. बसली. तिनं फळीच्या कडेवर हात फिरवला, आणि ती कड सपाट होती.

"पापा, इसमें डिज़ाइन नहीं बनाओगे?"

साडू आमटी वाढून घेत होते. म्हणाले, "नाही. डिझाइन केलं की लाकूड जातं." मग वाटीकडेच बघत, "तू बैस. सगळी जागा तुझी आहे."

मी पाण्याचा पेला शोधायला लागलो. तेवढ्यात मुक्ताच्या हातातला चमचा निसटला, फळीवर पडला, घरंगळत त्या खुंटीच्या भोकाशी गेला आणि आरपार खाली. खणकन आवाज झाला. तिनं वाकून भोकातून खाली पाहिलं आणि हसायला लागली. ती हसता हसता रडायला लागली की आधी रडतच होती, ते मला सांगता यायचं नाही. ताई उठून तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. साडूंनी विचारलं, भोक बुजवून देऊ का? "रहने दो," ती म्हणाली. आणि साडू त्या दिवशी जेवण संपेपर्यंत बसून होते, दहीभात दोनदा घेतला.

मुक्ताला नोकरी मिळाली. खोली मात्र तिनं घेतली नाही. अलीगंजातूनच स्कूटरवर जाते-येते. पुण्याचं काय होणार ते अजून कुणालाच माहीत नाही. ताईंनाही नाही. कधी कधी तिचा फोन वाजतो आणि ती गच्चीवर जाते, खाली येते तेव्हा चेहऱ्यावरून काही कळत नाही. साडूंची हत्यारं तेल लावून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आहेत, कारण फळीशिवाय काम करायचं कशावर? नवी फळी आणून देतो म्हटलं तर म्हणाले, बघू, घाई काय आहे. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला ते आवडलं नाही.

परवा संध्याकाळी सहज गेलो होतो. साडू फाटकापाशी येरझाऱ्या घालत होते, अंगात स्वेटर, पायात घरातल्या चपला. मी आत चला म्हटलं, तर म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. ऑफिसं सुटायची वेळ झालेली, रस्त्यावरून एकामागून एक स्कूटर जात होत्या. प्रत्येक स्कूटर आली की ते थांबायचे, मान वर करायचे, आणि ती पुढे निघून गेली की पुन्हा चालायला लागायचे. मीही मग आत गेलो नाही. त्यांच्याबरोबर चालत राहिलो.